औषध कोठले आणि कोठून निघाले?

संगणकावरून परदेशी ग्राहकास औषध विकू इच्छिणाऱ्या वैद्यासमोर जो तक्ता येतो, त्यात नाव, वजन, किंमत यांच्या खालोखाल एक लहानसा रकाना असतो : वस्तू कोठे आहे? बाकीचे रकाने आपण विचार करून भरतो, हा मात्र सोयीने भरला जातो. आमच्या हातूनही तसेच झाले. शिळफाटा हे नाव परदेशात कोणास ठाऊक असणार, असे म्हणून आम्ही प्रथम तेथे 'मुंबई' लिहिले. आमचा शिळफाटा खोपोलीचा, खालापूर तालुक्यातला. खुद्द आपल्याकडेही ठाण्याजवळचा शिळफाटा अधिक प्रसिद्ध असून केवळ 'शिळफाटा' एवढाच पत्ता घातलेली औषधांची खोकी तिकडे जाऊन चार दिवसांनी आमच्याकडे आल्याचा अनुभव आम्हांस एकाहून अधिक वेळा आला आहे. तेव्हा मुंबई लिहिण्यात काही वावगे आहे असे त्या वेळी वाटले नाही.

त्यापुढची चूक अधिक मोठी होती आणि ती सांगितल्यावाचून या विषयाचे मर्म ध्यानात येणार नाही. आमचा भाचा न्यू जर्सीत राहतो. २०१९ साली भारतातून जाताना त्याने शतावरी कल्पाचे बारा डबे सोबत नेले आणि आम्ही विक्रीच्या तक्त्यात ठिकाण 'न्यू जर्सी' असे बदलले. त्या दिवशी ते खरे होते. मागण्या लगेच वाढल्या, कारण तिकडचा ग्राहक शोध घेतानाच 'आपल्या देशातील वस्तू दाखवा' अशी खूण करतो आणि तशी खूण केली की शिळफाटा त्याला दिसतच नाही. महिन्याभरात बारा डबे संपले. रकाना मात्र आम्ही बदलला नाही. पुढील मागण्यांची पार्सले खोपोलीच्या टपालातून जाऊ लागली आणि नोंद 'न्यू जर्सी' अशीच राहिली.

टेक्सासमधील एका मराठी आजींनी आपल्या बाळंतीण लेकीसाठी शतावरी कल्प आणि बाळंतशेपा मागवला होता. चारपाच दिवसांत येईल या हिशेबाने त्यांनी दुसरीकडे चौकशी केली नाही. पार्सल सव्वीस दिवसांनी पोहोचले, तोवर बाळंतिणीचा सव्वा महिना उलटून गेला होता. त्यांच्या पत्रात उशिराबद्दल एकच वाक्य होते. उरलेल्या पत्रात त्यांनी विचारले होते, की पाकिटावर शिक्का खोपोलीचा आहे आणि तुम्ही न्यू जर्सी लिहिले होते. मग डब्यावर जे घटक, जो बॅच क्रमांक आणि जी तारीख छापली आहे, ती तरी खरी कशावरून मानावी? डबा त्यांनी उघडला नव्हता. आम्ही पैसे परत केले. प्रश्नाचे उत्तर देण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते.

ठिकाणाची ही हयगय वैद्याला तर मुळीच शोभत नाही, कारण आपले शास्त्र या बाबतीत कमालीचे काटेकोर आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्याच अध्यायात जांगल, आनूप व साधारण अशा देशांचे वर्णन करून औषधी कोठल्या भूमीतून घ्यावी व कोठून घेऊ नये हे सांगितले आहे. भावप्रकाशाने हरीतकीच्या सात जाती दिल्या, त्या त्यांच्या ठिकाणांसह दिल्या : विजया विंध्यातली, चेतकी हिमालयातली, पूतना सिंधू देशातली, रोहिणी प्रतिष्ठानची, अमृता आणि अभया चंपेतल्या, जीवंती सौराष्ट्रातली. आमच्या शेजारच्या पनवेलला १८७२ साली श्री धूतपापेश्वरची स्थापना झाली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या वैद्यांनी बाटलीवरचे 'पनवेल' हे नाव औषधाच्या नावाबरोबरच वाचले. गावाचे नाव ही औषधाच्या ओळखीतली एक खूण आहे, हे आपल्या व्यवसायाला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही.

अडचण येते ती अशी, की 'कोठले' या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. वनस्पती कोठे उगवली, औषध कोठे तयार झाले, आणि या क्षणी तो डबा कोणत्या फळीवर आहे. सांगलीची हळद (तिला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला) पुण्याच्या कारखान्यात चूर्णाच्या डब्यात भरली गेली आणि तो डबा आमच्या शिळफाट्याच्या दुकानात असला, तर तिन्ही उत्तरे वेगळी आणि तिन्ही खरी. विक्रीच्या तक्त्यातील रकाना फक्त तिसरे उत्तर मागतो. तेथे पहिले किंवा दुसरे उत्तर लिहिणे, अथवा तिसऱ्याच्या आड पहिली दोन झाकणे, या दोन्ही रीतींनी ग्राहकाची फसवणूक होते. परदेशातील गोदामात माल ठेवणारे मोठे विक्रेते या दुसऱ्या रीतीत सापडतात. अॅमेझॉनने भारतीय विक्रेत्यांसाठी २०१५ साली जागतिक विक्रीची योजना आणली, तीत माल आधीच अमेरिकेतील गोदामात पाठवता येतो. अशा मालाचे ठिकाण अमेरिका असे लिहिणे पूर्णतः योग्य आहे. परंतु निर्मितीचा देश भारत हे त्याच पानावर तितक्याच ठळकपणे असले पाहिजे. ई-बेसारख्या बाजारपेठांच्या नियमांतही वस्तूचे ठिकाण खरे देण्याची अट आहेच. २००४ साली मुंबईची 'बाझी' विकत घेऊन ई-बे भारतात आली, तिचे भारतीय संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले, पण भारतातून परदेशी विकणाऱ्यांसाठी तिचा दरवाजा उघडा राहिला.

या तीन ठिकाणांचा भेद अमेरिकेचे सरकारही करते. तेथे आपली बहुतेक औषधे कायद्याने 'आहारपूरक' म्हणून जातात. १९९४च्या कायद्यानुसार त्यांवर रोग बरा करण्याचा दावा छापता येत नाही, आणि २००३च्या डिसेंबरापासून असा माल सीमेवर येण्यापूर्वी त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाला पूर्वसूचना द्यावी लागते. त्या सूचनेत निर्माता कोण, उत्पादन कोणत्या देशातले, पाठवणारा कोण आणि माल निघाला कोणत्या देशातून, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेले असतात. विक्रीच्या पानावर 'न्यू जर्सी' आणि पूर्वसूचनेत 'भारत' असे लिहिणारा विक्रेता स्वतःच्याच दोन कागदांत परस्परविरोध निर्माण करून ठेवतो. पूर्वसूचनाच न देणाऱ्याचे पार्सल अडवले जाऊ शकते, हे वेगळे सांगणे नको.

ग्राहकाच्या बाजूनेही ठिकाणाचा अर्थ केवळ दिवसांपुरता नाही. वेखंडाचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडे बाळगुटीत ते घरोघरी उगाळले जाते. अमेरिकेत मात्र १९६८पासून वेखंड व त्याचे तेल खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई आहे. ज्या बाळगुटीचे ठिकाण अमेरिका असे दाखवले आहे, ती तेथील नियमांतून पार पडलेली असणार असे तिकडची आई सहजच गृहीत धरते. खोपोलीहून येणार हे ठाऊक असते, तर ती निदान तेथील वैद्यकाला विचारते. कुठ, जटामांसी, सर्पगंधा, रक्तचंदन यांच्या बाबतीत वनस्पती कोठून आली हा प्रश्नही टाळता येत नाही, कारण या साऱ्या 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत आहेत. कुठ तर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे. लागवडीचा की रानातला, याचा कागद नसेल तर असा माल पाठवण्याच्या फंदात छोट्या औषधालयाने पडू नये.

येथे कोणी म्हणेल, की ठिकाण लपवले तरी औषध चांगले असल्याशी मतलब. या म्हणण्याला २००८ सालीच उत्तर मिळाले आहे. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट सॅपर व सहकाऱ्यांनी संकेतस्थळांवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी करून निष्कर्ष अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. २०.७ टक्के उत्पादनांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. आपल्याकडे या निबंधाची चर्चा बहुधा रागाने झाली आणि शोधन-मारणाचा प्रश्न त्यात नीट हाताळलेला नाही, हा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. परंतु त्यातील दुसरा एक आकडा फारसा कोणी वाचला नाही. भारतात बनलेल्या उत्पादनांत हे प्रमाण १९.५ टक्के होते आणि अमेरिकेत बनलेल्यांत २१.७ टक्के. धातू आढळलेल्या उत्पादनांपैकी ९५ टक्के अमेरिकी संकेतस्थळांवरून विकली गेली होती आणि ७५ टक्क्यांवर उत्तम निर्मितीपद्धतीचा दावा होता. म्हणजे अमेरिकेचा पत्ता पाहून ग्राहकाला जो भरवसा वाटतो, त्याला निदान या तपासणीत काहीही आधार सापडला नाही. तो भरवसा आपल्या पदरात पडावा म्हणून आपणही खोटा पत्ता लिहायचा, यात लाभ कोणता? त्यापेक्षा, निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६पासून आयुष विभागाने जी जड धातूंची तपासणी सक्तीची केली, तिचा त्या बॅचचा अहवाल पानावर लावावा. भारताचा पत्ता पाहून शंका घेणाऱ्याला दाखवण्याजोगा तोच एक कागद आहे.

न्यूयॉर्कमधील घटना अधिक गंभीर आहे. २०११-१२ मध्ये तेथे सहा गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यांनी भारतात बनलेली दहा आयुर्वेदीय औषधे पोटात घेतली होती. अशा वेळी आरोग्य खात्याला पहिली गरज असते ती औषध कोणी बनवले आणि कोणत्या हातांतून आले, हा माग काढण्याची. आपल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१ निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक लेबलावर मागतो तो याचसाठी. विक्रेत्याने आपले ठिकाण खोटे दिले, की ही साखळी मधल्याच कडीशी तुटते. आणि जाता जाता : रसौषधी संकेतस्थळावरून मुळीच विकू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याची नाडी पाहिली नाही, जिभेवरचा साम-निरामपणा पाहिला नाही, त्याला समुद्रापलीकडे रसकल्प पाठवणारा वैद्य कोणत्या शास्त्राचा आधार घेतो हे आम्हांस कळत नाही.

गेल्या वर्षाने या प्रश्नाला आणखी एक बाजू आणली. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून बंद झाली. तेव्हापासून लहानशा डब्यावरही शुल्क लागू लागले आणि २०२५ साली त्याचा दर उत्पादनाच्या देशावरून ठरत होता. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले होते, ती सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. त्या सात आठवड्यांत भारताचे ठिकाण लिहिणाऱ्या विक्रेत्यांना ग्राहकांस एकच ओळ कळवावी लागली, की टपाल बंद आहे. परिचयातील एका औषधालयाने मात्र आमचीच जुनी युक्ती चालवली होती. त्यांच्या पानावर ठिकाण अमेरिकेतले असल्याने मागण्या येतच राहिल्या, पैसे जमा होत राहिले आणि टपाल बंद असल्याचे कारण ग्राहकाला सांगण्याची सोय उरली नाही. न्यू जर्सीहून टेक्सासला जाणाऱ्या डब्याला खोपोलीचे टपाल कसे आडवे येईल? शेवटी त्यांचे खाते गोठवले गेले.

आमच्या पानावर आता 'शिळफाटा, खोपोली, जिल्हा रायगड, महाराष्ट्र, भारत, ४१०२०३' असे ठिकाण आहे. त्याखाली मुळी कोठल्या, निर्माता कोण व त्याचा परवाना क्रमांक कोणता, पार्सल पोहोचण्यास तीन ते पाच आठवडे लागू शकतात, शुल्क ग्राहकास वेगळे पडेल, आणि सूतिकेसाठी हवे असल्यास सातव्या महिन्यातच मागवावे, असे लिहिले आहे. माल भाच्याकडे असतो तेव्हा डब्यांची संख्या त्यालाच दर रविवारी कळवावयास सांगितले आहे. शेवटचा डबा गेला की त्याच दिवशी रकाना बदलतो. मागण्या निम्म्याहून कमी झाल्या, हे लपवण्याचे कारण नाही. ज्या येतात त्यांत परत येणारे पार्सल क्वचित असते. मागील महिन्यात कॅनडातील एका गृहस्थांनी मागणीबरोबर विचारले, की हा शिळफाटा म्हणजे कल्याणहून पनवेलला जाताना लागतो तोच काय, कारण त्यांचे बालपण तेथे गेले. तेव्हापासून पत्त्याखाली आणखी एक ओळ वाढवली आहे : हा शिळफाटा ठाण्याजवळचा नव्हे, बोरघाटाच्या पायथ्याचा.