विशीतली बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया: होकार देण्याआधी
(लेखमाला: वजनाचे वैद्यक, भाग सहावा)

मागच्या आठवड्यात वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी लिहिले. तेव्हा एक प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो एका परिच्छेदात मावणारा नाही. वय वीस-बावीस, वजन शंभरीला टेकलेले, आणि घरात पोट लहान करायच्या ऑपरेशनचे बोलणे निघाले आहे. करावे की नाही?

हा प्रश्न मोठ्या शहरातून वेगळा दिसतो आणि नंजनगूडसारख्या तालुक्याच्या गावातून वेगळा. म्हैसूर जिल्ह्यातले कपिला नदीकाठचे हे गाव बरे होण्याच्या आशेने येणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ओळखते. टिपू सुलतानाच्या हत्तीचे डोळे इथल्या श्रीकंठेश्वराच्या कृपेने बरे झाले आणि टिपूने देवाला हकीम नंजुंड म्हटले, अशी आख्यायिका आहे. बी. व्ही. पंडितांनी १९१३ मध्ये सद्वैद्यशाळा काढली आणि नंजनगूडचे दंतमंजन घरोघर गेले, हा इतिहास आहे. आज गावालगत औद्योगिक वसाहत आहे आणि कारखान्यांत रात्रपाळीही असते. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेसाठी मात्र इथला माणूस पंचवीसेक किलोमीटरवरचे म्हैसूर गाठतो, नाहीतर थेट बेंगळुरू. एकदा जाणे कोणालाही जमते. पुढची चाळीस-पन्नास वर्षे दर वर्षी जाणे जमेल का, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि सल्ल्याच्या खोलीत तो सर्वांत कमी वेळा विचारला जातो.

समजा, नंजनगूडच्या एका मराठी घरातली बावीस वर्षांची मुलगी आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९८ किलो. पाळी अनियमित, पीसीओएसचे (बीजकोशांच्या विकाराचे) निदान झालेले. मधुमेह नाही, पण साखर सीमेवर. दोन वेळा डाएट करून दहा-बारा किलो उतरले आणि परत आले. कल्याणमंटपात भेटणारी प्रत्येक मावशी आणि काकू तिच्या ताटाकडे बघते.

आधी हे स्पष्ट सांगतो की वजन परत येणे हा तिचा आळस नव्हे. वजन उतरले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च कमी करते. गेलेले वजन परत आणण्याची त्याची तयारी वर्षानुवर्षे टिकते. त्यात भारतीय शरीराची वेगळी गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून किती वेगळे असतात ते बघा. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्यांप्रमाणे २५ आणि ३० नव्हे.

आता या मुलीचा बीएमआय काढू. ९८ ला १.६ च्या वर्गाने भागले की ३८.३ येतो. ती शस्त्रक्रियेला पात्र आहे का? अमेरिकेतल्या १९९१ च्या जुन्या निकषात ४० हवा होता, किंवा सोबत गंभीर आजार असेल तर ३५. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन संघटनांनी ही मर्यादा सोबतच्या आजाराची अट न ठेवता ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी आणखी खाली. भारतातले शल्यविशारद साधारणपणे ३७.५, आणि आजार असल्यास ३२.५, हा हिशेब वापरत आले आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने ती पात्र आहे.

विम्याच्या दृष्टीने ती पात्र नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अटींनुसार वय किमान १८ हवे आणि बीएमआय ४० किंवा जास्त. बीएमआय ३५ असेल तर हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी हवे, तेही साधे उपाय फसल्यानंतर. पीसीओएस या यादीत नाही. तरुण मुलींच्या वजनामागे सर्रास आढळणारा हा आजार विम्याला दिसत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. परिणाम असा की पैसे घरातून जातात, बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून नाहीतर दागिन्यांतून. आणि घरचे पैसे लागले की मुलीवर ‘आता बारीक हो’ हे दडपण दुप्पट होते.

शस्त्रक्रिया नेमके काय करते? सर्वांत जास्त होते ती स्लीव्ह. तिच्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी उरते. जो भाग जातो त्यातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः तयार होते, त्यामुळे भूकच मंदावते. बायपासमध्ये जठराचा ३० मिलिलिटरच्या आसपासचा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याला पुढे जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा टप्पा टाळून जाते. दोन्हींत आतड्यातली संप्रेरके बदलतात, आणि म्हणून साखर अनेकदा वजन उतरण्याआधीच सुधारू लागते. पोट लहान झाल्याने कमी खाल्ले जाते, एवढीच ही गोष्ट नाही.

तरुण वयात केल्यास फायदा जास्त होतो का? याचे उत्तर बऱ्यापैकी भक्कम आहे. अमेरिकेतल्या टीन-लॅब्स या अभ्यासात १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. २०१९ मध्ये त्यांची तुलना बायपास केलेल्या प्रौढांशी केली. पाच वर्षांनी वजनातली घट जवळपास सारखीच होती, २६ आणि २९ टक्के. पण मधुमेह मागे हटण्याचे प्रमाण तरुणांत ८६ टक्के, प्रौढांत ५३ टक्के. रक्तदाबाचेही तसेच, ६८ आणि ४१. आजार शरीरात मुरण्याआधी गाठला तर तो जास्त सहज हटतो. २०२४ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष आले. सरासरी २० टक्के घट टिकून होती.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची चर्चा नेहमी मोठ्या नावांवरून होते. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये करून घेतली, अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये. दोघेही तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या इमान अहमद यांची बातमी तर घरोघर पोचली. या उदाहरणांवरून बावीस वर्षांच्या मुलीने काहीच ठरवू नये. तिच्या हिशेबात दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पुढचे आयुष्य लांब आहे, आणि त्यात बहुधा बाळंतपण आहे.

त्याच टीन-लॅब्सची दुसरी बाजू बघा. पाच वर्षांनी तरुणांपैकी ४८ टक्क्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता, प्रौढांत २९ टक्क्यांच्या. पोटाची पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाणही तरुणांत जास्त. शस्त्रक्रियेनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने खावी लागतात, आणि दर वर्षी रक्त तपासावे लागते. विशीतली मुले गोळ्या विसरतात. पहिल्या वर्षी आई आठवण करते, तिसऱ्या वर्षी नोकरी लागून मुलगी दुसऱ्या गावी गेलेली असते, आणि अंगात अशक्तपणा, पायाला मुंग्या सुरू झाल्या तरी त्याचा संबंध जुन्या शस्त्रक्रियेशी कोणी जोडत नाही. बी-१२ ची कमतरता बराच काळ राहिली तर नसांना कायमची इजा होऊ शकते.

आपल्या घरांत हा धोका अधिक का, तेही सांगतो. शाकाहारी भारतीयांत बी-१२ मुळातच कमी असते. पुण्यातल्या याज्ञिकांच्या गटाने ते अनेक वर्षे दाखवून दिले आहे. पुण्याजवळच्या गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या माता-बाल अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: गरोदरपणी आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलात पुढे मधुमेहाकडे नेणारी लक्षणे जास्त आढळतात. म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या मुलीने बी-१२ कडे दुर्लक्ष केले तर त्याची झळ पुढच्या पिढीला लागू शकते. शस्त्रक्रियेआधीच बी-१२, हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व तपासून कमतरता भरून काढायला हवी. आहाराचेही तसेच. पहिल्या काही महिन्यांत भात, डोसा, नाचणीचा उंडा अनेकांना उतरत नाही, आणि तीन-चार घासांत पोट भरते. ते तीन-चार घास डाळ, दही, पनीर, अंडे यांचे असायला हवेत. घरात एकच स्वयंपाक होतो तिथे मुलीचे ताट वेगळे वाढायला आईची तयारी लागते. म्हणून आहारतज्ज्ञाकडे आईलाही घेऊन जा.

आता लग्नाचे. ‘स्थळे बघायच्या आधी उरकून घेऊ’ हे वाक्य सल्ल्याच्या खोल्यांत फार ऐकू येते, आणि ते मला अतिशय धोक्याचे वाटते. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस भरपूर गळतात. तीस-पस्तीस किलो उतरल्यावर कातडी लोंबते. गर्भधारणा किमान १२ ते १८ महिने टाळायला सांगतात, कारण झपाट्याने वजन उतरत असताना बाळाला पुरेसे पोषण मिळत नाही. उलट पीसीओएस असलेल्या मुलीची पाळी या काळात नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलून दुसरा उपाय आधीच ठरवावा लागतो. लग्न ठरलेल्या घरात हे बोलणे जड जाते, पण ते टाळले तर किंमत मुलगी मोजते. आणि शस्त्रक्रिया झाल्याचे सासरी लपवले, तर गोळ्याही लपवून घ्याव्या लागतील. मग त्या घेतल्याच जाणार नाहीत.

मुलांसाठीही एक गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि व्यसन लागण्याचा धोका वाढतो. खाण्यातून मिळणारा दिलासा गेल्यावर तो दुसरीकडे शोधला जातो. उदासी, स्वतःला इजा करण्याचे विचार यांकडेही लक्ष द्यावे लागते. मानसोपचारतज्ज्ञाची भेट हा फॉर्मवरचा शिक्का समजू नका.

धोक्याविषयी सरळ बोलू. चांगल्या केंद्रात पहिल्या महिनाभरातला मृत्यूचा धोका हजारात एक ते तीनच्या आसपास असतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेशी त्याची तुलना करतात. पण ‘चांगल्या केंद्रात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा तरुण चेन्नईच्या उपनगरातल्या खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेच्या वेळी दगावला. तमिळनाडू सरकारने चौकशी केली आणि रुग्णालयाची नोंदणी स्थगित केली. मे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांतली २१ वर्षांची अभिनेत्री चेतना राज हिचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. ती सौंदर्यशस्त्रक्रिया होती, बॅरिअ‍ॅट्रिक नव्हे. लोक दोन्हींची गल्लत करतात, म्हणून सांगतो: लायपोसक्शन हा लठ्ठपणावरचा उपचार नाही.

इंजेक्शने आधी घ्यावीत का? टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, त्यानंतर वजनासाठीचे सेमाग्लुटाइडही. बीएमआय ३८ आणि आजार सुरुवातीचा असेल तर ती घेऊन बघणे रास्त आहे. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परतल्याचे अभ्यासात दिसले आहे. बीएमआय ४५ असेल, मधुमेह लागला असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर केवळ वय कमी म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे मला चुकीचे वाटते. तिथे उशीरच घातक आहे.

आपल्या ९८ किलोच्या मुलीला मी काय सांगेन? तू पात्र आहेस, पण घाई नाही. सहा महिने आहारतज्ज्ञ, औषध आणि हार्मोनच्या डॉक्टरांसोबत काढ. त्यानंतर शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर सर्जनला विचार की वर्षाला अशा किती करता, अतिदक्षता विभाग याच इमारतीत आहे का, रात्री रक्तस्राव झाला तर कोण येईल, आणि पाच वर्षांनी माझे रक्त कोण तपासेल. नंजनगूडहून वर्षातून एकदा म्हैसूरला जाणे अवघड नाही. तिथेच पाठपुरावा होणार असेल तर बेंगळुरूच्या मोठ्या नावामागे धावू नकोस. शस्त्रक्रियेचा अहवाल, त्यात स्लीव्ह की बायपास हे लिहिलेला, गावातल्या फॅमिली डॉक्टरांकडे ठेव आणि एक प्रत स्वतःजवळ.

आणि आईवडिलांना विनंती: निर्णय मुलीच्या तोंडून ऐका, तुम्ही खोलीत नसताना डॉक्टरांना तिच्याशी बोलू द्या. ती नको म्हणाली, तर तो विषय तिथेच थांबवा.