गोंदण कुणाच्या मर्जीचं?

आईच्या हातावरचं तुळशीवृंदावन आता हिरवट पडलंय. ती लहान असताना मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत आजीनं तिला धरून बसवलं अन् गोंदवलं. “सोनं इथंच राह्यते, गोंदन संग येते,” ही आजीची समजूत.

परवा लेकीनं विचारलं, “बाबा, आजीचं वृंदावन मी गोंदवून घेऊ? कुठं?” तिला सैन्यात जायचंय. तिथल्या भरतीत कोपर ते मनगट आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचं गोंदण चालतं. आदिवासींना रूढीनुसार सवलत आहे. गोंदल्यावर वर्षभर रक्तदानही करता येत नाही. एवढं सांगून मी थांबलो. हो-नाही तिच्यावर सोडलं. कारण आई मधेच म्हणाली होती, “मले कोनी इचारलंच नव्हतं.”