एका गुंठ्यात तेरा हजार

शहापूर-मुरबाडकडे जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलतात. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. त्या गुंठ्यात कोळी किती? जगभरच्या मोजण्या एकत्र करून टर्नबुल या अभ्यासकाने 1973 मध्ये सरासरी काढली: चौरस मीटरला सुमारे 131 कोळी. त्या हिशेबाने गुंठ्यात तेरा हजार, एकरात पाच लाखांवर. तानसा अभयारण्य सुमारे 320 चौरस किलोमीटरचे. तिथे आकडा 4,200 कोटींच्या आसपास जातो, देशातल्या माणसांच्या तीसपट. चैत्रात भाजलेला माळ आणि श्रावणातले जंगल यांना एकच सरासरी लागू पडणार नाही, हे खरे. पण आकडा निम्मा केला तरी डोके गरगरते.

मग दिसत का नाहीत? फार लहान असतात म्हणून. कोलंबियातल्या ‘पाटू दिगुआ’चा नर 0.37 मिलिमीटरचा, सेंटिमीटरभर जागेत असे 27 ओळीने मावतील.

आणि ओळखायचे कसे? दोन कोळी डोळ्यांना अगदी सारखे दिसतात. फरक सापडतो तो नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकाशी, सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणूनच 1757 पासून 50,000 जातींची नोंद व्हायला 2022 उजाडले. तेवढ्याच अजून बाकी असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे.

त्या नोंदीत आपल्या ठाणे जिल्ह्याचाही एक आहे. ‘आयसियस’ ही उड्या मारणाऱ्या कोळ्यांची प्रजाती. सिमाँ या फ्रेंच अभ्यासकाने 1876 मध्ये नोंदवलेली, भूमध्य समुद्राकाठापासून आफ्रिका-आशियापर्यंत पसरलेली. 2021 मध्ये तिच्यात आपल्याकडची एक नवी जात आली: ‘आयसियस तुकारामी’. शास्त्रीय नावात आडनावासारखी प्रजाती आधी येते, मग जातीचे नाव. हे नाव 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अंगावर गोळ्या झेलत कसाबला घट्ट धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे. तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवाला इतके मोठे नाव मिळाले, याचे मला फार अप्रूप वाटते.

जगातले सगळे कोळी मिळून वजन भरते अडीच कोटी टन, आणि वर्षाला ते 40 ते 80 कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज 2017 मध्ये मांडला गेला. त्यात बहुतेक किडेच. भाताचे तुडतुडेही त्यातच आले. तेव्हा यंदा फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी खाचरात उतरा आणि रोपांच्या बुडाशी वाकून एकदा कोळी मोजा.