पेरल्यानंतरचे दिवस

श्रोतेहो, पेरणी झाली की आपण रोज जमीन उकरून बी उगवलं का, हे पाहत बसतो काय? तसं केलं तर उगवायचं तेही राहून जाईल. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने हाच दृष्टान्त दिला आहे. माणूस बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. आधी पाते, मग कणीस, मग भरलेला दाणा. ख्रिस्ती माणसाच्या आध्यात्मिक वाढीची चाल अशीच असते. बाप्तिस्म्याची तारीख वहीत लिहिता येते. वाढीची तारीख लिहिता येत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र पाहा. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. पदरी लहान मुलगा. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावे लागले. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे सोडले नाही. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका घरात दोन धर्म नांदत होते म्हणा ना! टिळक स्वभावाने तापट, तरीही या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. मला त्यांची ही बाजू त्यांच्या कवितेइतकीच मोठी वाटते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला, की जातिभेद देवाने केला की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात; त्यांचे आकारच निराळे. माणसांत तसा फरक कुठे आहे? हा भेद माणसाचाच, असे मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी ठरवले. आकाशवाणी झाली नाही, कोणाचे प्रवचनही नव्हते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्या, बरं का! आधी पाण्याचा विटाळ गेला, विधी नंतर झाला.

या वाढीला खतपाणी कशाचे मिळाले? घरातली रोजची प्रार्थना, शास्त्राचे वाचन, येणारीजाणारी माणसे, आणि वाद घालण्याची मोकळीक. शिवाय भाषा. परक्या चालीवर बसवलेली गीते खेड्यातल्या माणसाच्या गळ्यात सहज उतरत नाहीत. टिळकांनी अभंग आणि ओवी हाती घेतली, तेव्हा जात्यावरच्या बाईलाही आपल्या सुरात प्रभूला हाक मारता आली. रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना म्हणून एक सांगावेसे वाटते. वचने पाठ करून घ्या, जरूर घ्या. पण मुलाने एखादी अडचणीची शंका काढली तर त्याला खाली बसवू नका. लक्ष्मीबाईंची सगळी वाट तसल्याच एका शंकेतून निघाली.

बाप्तिस्म्याने ही वाढ थांबली नाही. त्यांच्या घरात परक्यांची पोरे आपली म्हणून वाढली. खुद्द टिळकांनाही मिशनमधील वीसएक वर्षांच्या कामानंतर स्वस्थ बसवले नाही. १९१७ साली ते मिशनपासून वेगळे झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुष्कळांना ते रुचले नसेल. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले.

त्यांनी १९०९ साली आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर अडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवले आणि साठाहून अधिक अध्यायांची भर घातली. ‘स्मृतिचित्रे’ही याच काळातली, पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.