आमिषाच्या पोटावरची मोत्याची झाक
मऊ आमिषं घरच्या घरी : लेखांक ४

मागच्या लेखात प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा कडकडीत वाळवून त्याला आतून लेप दिला. आता त्यात ओतायच्या प्लास्टिकला रंग द्यायचा. मोती पावडर, म्हणजे दुकानदार ज्याला पर्ल पिगमेंट म्हणतात ती, हाती आली की नवखा माणूस ती सढळ हाताने घालतो. मग साच्यातून खडूसारखं पांढरंफटक आमिष निघतं आणि चमक कुठे गेली ते कळत नाही.

चमक समजून घ्यायला आधी मासाच पाहू. हतनूरच्या किंवा गिरणेच्या पाण्यात थव्याने फिरणारा बोटभर चंदेरी मासा घ्या. त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिशय पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि प्रत्येक थरावरून थोडा थोडा प्रकाश परततो. सरळ पोहणाऱ्या माशाच्या या आरशात भोवतालचं पाणीच उमटतं, म्हणून तो शिकाऱ्याला सहज दिसत नाही. दुखावलेला मासा कलंडतो, आरशाचा कोन बदलतो आणि क्षणभर लख्ख उजेड पडतो. मरळ किंवा शिंगाडा धावतो तो अशा माशावर. तेव्हा आपल्या आमिषाचं पोट सतत पांढरं दिसून उपयोग नाही, ते कलंडताना लकाकलं पाहिजे.

ही चमक माणसाने पहिल्यांदा माशाकडूनच घेतली. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जपमाळा बनवणाऱ्या जाकँ नावाच्या कारागिराने ब्लीक या छोट्या माशाच्या खवल्यांवरची चकाकी धुऊन काढली आणि पोकळ काचमण्यांना आतून लावून नकली मोती घडवले. पुढे शिशाची आणि बिस्मथची संयुगं त्या कामाला आली. अभ्रकाच्या कपच्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप चढवलेली पावडर १९६० च्या दशकात बाजारात रुळली. आज आपण वापरतो ती हीच. कपची साधारण १० ते ६० मायक्रॉन रुंद आणि जाडीला एका मायक्रॉनच्याही आत. लेप ४० ते ६० नॅनोमीटरचा असेल तर झाक चंदेरी येते. तो जाड होत गेला की सोनेरी, मग तांबूस, निळी आणि शेवटी हिरवी. यात रंगद्रव्य काहीच नसतं, सगळा खेळ थराच्या जाडीचा. अभ्रक झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातून येतं आणि तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं राबतात हे जगजाहीर आहे. म्हणून मी कृत्रिम अभ्रकाची पावडर मागावी असंच सांगेन. ती थोडी महाग पडते, पण जास्त स्वच्छ चमकते.

आता प्लास्टिक. जळगावात १९८० पासून जैन उद्योगसमूहाने पीव्हीसी पाइप बनवायला घेतले, आणि आज तिथल्या एमआयडीसीत प्लास्टिकची कमतरता नाही. त्यामुळे ओळखीतून रेझिन मिळवावं असं मनात येतं. पण पाइपाचं रेझिन सस्पेन्शन प्रतीचं असतं. आपल्याला लागतं ते पेस्ट प्रतीचं, जे प्लास्टिसायझरमध्ये कालवलं की दुधासारखं पातळ प्लास्टिसोल होतं. पाइपाचे तुकडे वितळवायला तर मुळीच जाऊ नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो. जळगावची प्रसिद्ध चटई पॉलिप्रॉपिलीनची, तिचाही इथे उपयोग नाही. प्लास्टिसायझर घेताना डीओपीऐवजी डीओटीपी मागा. डीओपी थॅलेट वर्गातलं आहे आणि आपलं आमिष शेवटी पाण्यात बुडणार आहे.

प्लास्टिसोलची बाटली आधी खूप हलवा, रेझिन तळाशी बसलेलं असतं. तापवताना ते घट्ट होतं, गोळा धरतं, आणि १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा पातळ आणि नितळ होतं. १९० च्या पुढे पिवळं पडू लागतं, तेव्हा थर्मामीटर हवाच. पावडर थेट गरम प्लास्टिकवर भुरभुरली तर गुठळ्या होतात. ती चार थेंब प्लास्टिसायझरमध्ये आधी खलून घ्यावी आणि प्लास्टिक नितळ झाल्यावर घालून हलक्या हाताने ढवळावं. जोरात ढवळलं की हवेचे बुडबुडे शिरतात, शिवाय कपच्या मोडतात, आणि मोडलेली कपची चमकत नाही.

प्रमाण महत्त्वाचं. १०० मिलिलिटर प्लास्टिसोलला पाव छोटा चमचा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आतच. सराफाकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर उत्तम. पावडर जास्त झाली की कपच्या एकमेकींना झाकतात, प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि खडूचा पांढरा रंग उरतो. कमी असली की प्रकाश आत शिरतो, वेगवेगळ्या खोलीवरच्या कपच्यांवरून परततो, आणि आमिषाला माशाच्या अंगासारखी खोली येते.

निळी किंवा हिरवी झाक असलेली पावडर पांढऱ्या प्लास्टिकमध्ये फुकट जाते. कपचीवरून निळा प्रकाश परततो, उरलेला पिवळसर पुढे जातो. मागे पांढरं असेल तर तोही परत फिरतो आणि दोन्ही मिसळून झाक मरते. मागे काळपट असेल तर पिवळसर तिथेच जिरतो आणि निळा खुलतो. म्हणून असल्या पावडरीसोबत काळ्या रंगाचा एखादा थेंब घालावा. थेंबच, जास्त नाही.

ओतण्याचीही एक पद्धत आहे. पातळ धारेने एकाच टोकाकडून ओता. वाहताना कपच्या साच्याच्या भिंतीला समांतर आडव्या होतात आणि चमक त्यानेच येते. दोन बाजूंनी ओतलं तर धारा भेटतात तिथे कपच्या उभ्या राहतात आणि आमिषावर काळसर रेघ कायमची उमटते. दुरंगी आमिष हवं असेल तर आधी चंदेरी पोट ओता, आणि ते गरम असतानाच वर काळपट हिरवी पाठ. पोट गार झालं की पाठ त्याला धरत नाही.

कोणतं आमिष कधी वापरायचं ते पाणी ठरवतं. आपल्या नद्या काळ्या जमिनीतून येतात, पावसाळ्यात तापी-पांझरा गढूळ वाहतात. गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी नाहीसा होतो आणि मोत्याची चमक वाऱ्यावर जाते. तेव्हा गडद, ठसठशीत आकृतीचं आमिष बरं. दिवाळीनंतर अक्कलपाड्याचं, अनेरचं, वाघूरचं पाणी निवळतं. चंदेरी पोटाचे दिवस तेव्हापासून सुरू होतात. मात्र जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. गळ टाकण्याआधी त्यांना विचारून घ्यावं, हे त्यांच्या पोटाचं पाणी आहे. तुटलेलं आमिष पाण्यात सोडू नये, ते कुजत नाही आणि माशाच्या पोटात अडकतं.

हे काम स्वयंपाकघरात करू नका. त्याची भांडी कायमची वेगळी ठेवा. उघड्या अंगणात, बंद बुटांनी, आणि पावडर हाताळताना नाकावर मास्क लावून करा. तयार आमिषं थर्माकोलच्या डब्यात किंवा कडक प्लास्टिकच्या आमिषांशेजारी ठेवू नयेत. प्लास्टिसायझर झिरपतं आणि रात्रभरात दोन्ही चिकट होऊन एकमेकांत विरघळतात. पॉलिथिनच्या पिशवीत, रंगवार वेगवेगळी ठेवावीत; मोती पावडर उतरत नाही, पण पाठीला वापरलेला विरघळता रंग शेजारच्या आमिषात पसरतो.

पुढच्या लेखात या आमिषात गळ कुठून कसा ओवायचा ते पाहू.