सारखी दिसणारी दोन तिकिटं

मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी आजोबांचा तिकिटांचा अल्बम घेऊन शाळेत आली. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, ही बघा, दोन्ही अगदी सारखी आहेत. एक मी मैत्रिणीला देऊन टाकू?"

मी पाहिलं. पंचम जॉर्ज राजाची, एक आण्याची, चॉकलेटी रंगाची जुनी तिकिटं. राजा तोच, रंग तोच, किंमत तीच. मी म्हटलं, "थांब गं! आधी त्यांची पाठ बघू."

तिकिटं पालथी करून आम्ही खिडकीच्या उजेडात तिरपी धरली. आणि काय गंमत! एकाच्या कागदात एकच चांदणी, तर दुसऱ्याच्या कागदात दाटीवाटीनं पसरलेल्या लहान लहान चांदण्या. म्हणजे पहिलं तिकीट लंडनला छापून बोटीनं आलेलं आणि दुसरं आपल्या नाशिकला छापलेलं! भारताची तिकिटं १९२६ पासून नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली, तेव्हा कागदातली ही खूणही बदलली.

या खुणेला म्हणतात जलचिन्ह. कागद तयार होताना लगदा ओला असतो, तेव्हाच त्यावर नक्षी दाबतात. दाबलेल्या जागी कागद किंचित पातळ होतो. शंभराची नोट उजेडात धरलीत, तर कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा दिसतो ना? ते जलचिन्हच. नकली तिकिटं कुणी छापू नयेत म्हणून ही युक्ती. १८४० सालच्या जगातल्या पहिल्या तिकिटात, पेनी ब्लॅकमध्ये, छोटा मुकुट होता. आपल्याकडे १८६५ च्या तिकिटांत हत्तीचं डोकं आलं आणि १९५८ पासून अशोकस्तंभाचे सिंह!

आता ही खूण शोधायला काय काय लागतं? माझा एकच नियम लक्षात ठेवा : आधी प्रश्न ठरवा, मग साधन घ्या. आणि सुरुवात नेहमी फुकटच्या साधनापासून करा.

पहिलं साधन म्हणजे खिडकीतला उजेड. दुसरं, काळी गुळगुळीत फरशी किंवा काळी बशी. तिकीट तिच्यावर पालथं ठेवा. पातळ जागेतून खालचा काळा रंग जास्त डोकावतो, म्हणून खूण गडद दिसते. ही खूण मागून पाहतोय, म्हणून ती उलटी दिसेल बरं का! तिकीट बोटांनी नाही, बोथट टोकाच्या चिमट्यानं उचलायचं.

एवढ्यानं नाही दिसलं, तर तिसरं साधन : जलचिन्हासाठी मिळणारा खास द्रव. त्याचे दोन थेंब टाकले की कागद थोडा वेळ पारदर्शक होतो आणि मग कोरडा पडतो. पण हे काम मोठ्यांच्या सोबतीनं आणि खिडक्या उघड्या ठेवूनच. पूर्वी लोक यासाठी पेट्रोलसारखे द्रव वापरत. ते चटकन पेट घेतात, तुम्ही त्यांना हात लावू नका.

मी स्वतः पाचवीत असताना आईची नेलपॉलिश काढायची बाटली घेतली आणि एका सुंदर पक्ष्याच्या तिकिटावर थेंब टाकला. जलचिन्ह राहिलं बाजूला, पक्ष्याचे रंगच वाहून गेले! तेव्हापासून मी आधी फाटक्या, बिनमोलाच्या तिकिटावर करून बघते.

आता दुसरा प्रश्न. काही तिकिटं अंधारात, अतिनील दिव्याखाली चमकतात. ती का? ब्रिटनमध्ये १९५९ पासून काही तिकिटांवर फॉस्फरचे पट्टे छापू लागले. यंत्राला ते पट्टे ओळखू येतात आणि पत्रं आपोआप लावता येतात. हे पट्टे चमकताना पाहायला २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो. पण तो डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारक, म्हणून मुलांच्या हाती नकोच. तिकीट उजेडात तिरपं धरलंत, तर पुष्कळदा पट्ट्यांची वेगळी झाक नुसत्या डोळ्यांनीही दिसते. पुन्हा खिडकीच कामी आली की नाही?

कागद तपासायचा असेल, तर ३६५ नॅनोमीटरचा दिवा उपयोगी. त्याच्याकडेही थेट बघायचं नाही. आजच्या पुष्कळशा कागदांत उजळपणा आणणारं रसायन असतं, ते निळसर चमकतं. साबणाच्या पावडरीत धुतलेला शाळेचा पांढरा शर्ट चमकतो, तसंच. १८५४ चं म्हणून दाखवलेलं तिकीट असं लख्ख चमकलं, तर शंका घ्यायची. पण लगेच "नकली!" असं ओरडायचं नाही हं. पाकिटावरून सोडवताना कुणी ते साबणाच्या पाण्यात भिजवलं असेल, तरी ते चमकेल! म्हणून तिकिटं साध्या पाण्यातच भिजवा.

पालकांना एक विनंती. स्वस्त जांभळ्या टॉर्चवर बहुधा ३९५ लिहिलेलं असतं. तिचाच जांभळा प्रकाश इतका की तिकिटाची मंद चमक त्यात लपून जाते. त्यापेक्षा आधी चिमटा, चांगलं भिंग आणि काळी बशी आणा. मुलांची नजर तयार झाली की दिव्याचं बघता येईल.

आणि त्या दोन तिकिटांचं काय झालं? ती आता अल्बममध्ये शेजारी शेजारी आहेत. एकाखाली लिहिलंय 'लंडन', दुसऱ्याखाली 'नाशिक'. मैत्रिणीला तिनं दुसरं, खरोखरच जास्तीचं तिकीट दिलं.

मग, तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये अशी 'सारखी' तिकिटं आहेत का? द्यायच्या आधी एकदा त्यांची पाठ बघा!