राजांचा इतिहास, रयतेचे नाटक

भाऊबीज सरली की ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडच्या वडसा परिसरात मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगावी मंडप उभे राहतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानपट्ट्यातील चार जिल्ह्यांची ही रंगभूमी. दंडार आणि खडी गंमत या तिच्या लोकपरंपरा. पाटील, सावकार, कर्जबाजारी शेतकरी, दारुडा नवरा आणि हजरजबाबी गडी ही तिची ओळखीची पात्रे. विनोदी भूमिकांनी ही रंगभूमी गाजविणारे गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

सामान्य माणूस इतिहासाच्या पानांत क्वचितच दिसतो. रंगमंचावर मात्र तो हमखास भेटतो. हे केवळ झाडीपट्टीचे वैशिष्ट्य नव्हे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या रोममध्येही असेच घडत होते. लिव्हीसारख्या इतिहासकाराने सेनापती आणि सिनेटर यांची चरित्रे तपशिलाने लिहिली. इ. स. पूर्व ४९४ मध्ये कर्जाने गांजलेले सामान्य नागरिक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले आणि आपले प्रतिनिधी नेमण्याचा हक्क त्यांनी मिळविला, असे तो सांगतो. परंतु तेथे सामान्यजन दिसतात ते बहुतांशी जमाव म्हणून. त्या जमावाला चेहरा दिला तो प्लॉटस आणि टेरेन्स यांच्या सुखान्तिकांनी. त्यांत गुलाम, स्वयंपाकी, फुकटे जेवणभाऊ, बढाईखोर शिपाई आणि कंजूष म्हातारे वावरतात. इ. स. पूर्व १९१ मधील ‘स्यूडोलस’ या नाटकाचा नायकच एक चतुर गुलाम आहे. टेरेन्स तर स्वतः गुलाम म्हणून रोममध्ये आला होता.

प्रयोगाच्या पद्धतीतही साम्य आढळते. रोमला दगडी नाट्यगृह मिळाले ते इ. स. पूर्व ५५ मध्ये; तोवर उत्सवापुरता लाकडी मंच उभारला जाई. प्रेक्षकांना इतर करमणुकीचीही ओढ असे. टेरेन्सच्या ‘सासू’ या अर्थाच्या नावाच्या नाटकाचा पहिला प्रयोग इ. स. पूर्व १६५ मध्ये डोंबाऱ्याच्या दोरीवरील कसरतीपायी उधळला गेला. झाडीपट्टीत मात्र दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक अशी सोयीची वाटणी झाली. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली होती; सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरविला.

अर्थात, नाटक म्हणजे जसाच्या तसा इतिहास नव्हे. रंगमंचावर मालकाला फसविणारा गुलाम जिंकतो; प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला चाबूकच येई. म्हणूनच या नाटकांचे कथानक ग्रीसमध्ये घडताना दाखवीत. रोमन मालकाला हसता यावे आणि आपला अपमान झाला असे वाटू नये, अशी ती सोय होती. तरीही विनोदाच्या आडून भाकरी, कर्ज, मार आणि सुटकेची आशा हे सारे बोलले जाई. सावकाराची फजिती पाहून टाळ्या वाजविणाऱ्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक प्रश्न उरतो तो जतनाचा. प्लॉटसच्या नावावर एकेकाळी सुमारे १३० नाटके सांगितली जात. वॅरो या विद्वानाने त्यांतील २१ अस्सल ठरविली. आज जवळजवळ पूर्ण स्वरूपात २० उपलब्ध आहेत. ती टिकली कारण कोणीतरी ती पुन्हा पुन्हा उतरवून घेतली. प्रयोग संपला की पडदा उतरतो, मंडप सुटतो आणि प्रेक्षक धानाच्या बांध्यांकडे परततात. त्यांच्या जगण्याची बोली मात्र संहितेतच मागे राहते. हस्तलिखित वह्या छापल्या गेल्या, प्रयोग ध्वनिचित्रमुद्रित झाले, तरच पुढच्या पिढ्यांना झाडीपट्टीचा शेतकरी केवळ आकडेवारीत नव्हे, तर बोलता-हसता भेटेल.